निष्क्रिय वायूंचा धडा आणि एक आलेख

असेंद्रिय रसायनशास्त्राच्या तासाला मुले कंटाळतात, ही तक्रार आम्ही विद्यार्थी असताना ऐकली होती आणि शिकवू लागल्यावरही ऐकली. सेंद्रिय रसायनशास्त्रात एका अभिक्रियेतून दुसरी निघते, भौतिकीय रसायनशास्त्रात गणिताचा आधार असतो; असेंद्रियात मात्र मूलद्रव्यामागून मूलद्रव्य येते. ते कोठे सापडते, कसे मिळवतात, गुणधर्म कोणते, उपयोग कोणते, असे चार ठरलेले मथळे असतात आणि त्यांखाली पाठ करण्याजोग्या ओळी असतात. परीक्षा झाली की त्यातल्या बहुतेक ओळी विसरल्या जातात.

यावर उपाय म्हणून 'चालू संशोधन वर्गात आणा' असे सुचवले जाते. सूचना चांगली आहे, पण तिचा अर्थ बहुधा असा लावला जातो की धडा नेहमीप्रमाणे शिकवायचा आणि शेवटी 'अलीकडील संशोधन' म्हणून दोन परिच्छेद सांगायचे. त्यामुळे यादी दोन ओळींनी लांबते, एवढेच. संशोधन वर्गात आणणे म्हणजे नवी माहिती वाढवणे नव्हे. आपण जे विधान शिकवतो ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे, हे विद्यार्थ्याच्या नजरेसमोर ठेवणे, असे आम्हाला वाटते. हे म्हणणे पटवून देण्यासाठी आम्ही एका धड्याचा इतिहास सांगणार आहोत. हा धडा आपण सर्वांनी शिकला आहे आणि बहुतेकांनी शिकवलाही आहे. तो म्हणजे निष्क्रिय वायूंचा धडा.

उरलेला बुडबुडा

गोष्ट १७८५ सालापासून सुरू होते. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश हवेतील नायट्रोजनची तपासणी करत होते. हवेत जादा ऑक्सिजन मिसळून ते त्यातून विजेच्या ठिणग्या सोडत आणि तयार होणारे वायू अल्कलीत शोषून घेत. उरलेला ऑक्सिजनही काढून टाकला, की शेवटी काहीच उरू नये. पण दर वेळी एक लहानसा बुडबुडा उरायचा. तो मूळ नायट्रोजनच्या १/१२० भागापेक्षा जास्त नाही, अशी नोंद कॅव्हेंडिशनी केली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ त्या बुडबुड्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

१८९२ मध्ये लॉर्ड रॅले वायूंच्या घनता अतिशय काटेकोरपणे मोजत होते. हवेतून ऑक्सिजन काढून मिळवलेला नायट्रोजन आणि अमोनियासारख्या संयुगापासून मिळवलेला नायट्रोजन यांची वजने जुळेनात. हवेतल्या नायट्रोजनचे एक लिटर भरले १.२५७२ ग्रॅम, तर संयुगातल्या नायट्रोजनचे १.२५०५ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दुसरा कोणी असता तर प्रायोगिक चूक म्हणून त्याने सोडून दिले असते. रॅले यांनी 'नेचर' साप्ताहिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच याचे कारण विचारले. स्वतःच्या अडचणीची अशी जाहीर कबुली देणे ही वर्गात आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील विल्यम रॅम्झी यांनी हे कोडे हाती घेतले. हवेतला नायट्रोजन त्यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा सोडला. नायट्रोजन मॅग्नेशियमशी संयोग पावून नाहीसा होत गेला आणि शेवटी थोडा जड वायू उरला. त्याच्या वर्णपटातील रेषा माहीत असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याच्या नव्हत्या. ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्ड येथे रॅले आणि रॅम्झी यांनी या नव्या वायूची घोषणा केली. तो कशाशीच संयोग पावत नव्हता म्हणून 'आळशी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव आर्गॉन ठेवले गेले. हवेत आर्गॉन ०.९३ टक्के असतो. हवेतल्या नायट्रोजनशी त्याचे प्रमाण काढले तर ते सुमारे १/८५ येते. कॅव्हेंडिशचा बुडबुडा तो हाच. विद्यार्थ्यांना हा भागाकार करायला सांगितला, तर १७८५ मधला माणूस किती सचोटीने मोजत होता हे न सांगताही कळते.

पुढच्या वर्षी, १८९५ मध्ये, युरेनियमच्या एका खनिजातून रॅम्झी यांना हेलियम मिळाला. १८९८ च्या मे ते जुलै या काळात त्यांनी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेचे घटक वेगळे करत क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधून काढले. झेनॉन म्हणजे 'परका'. हवेच्या सुमारे एक कोटी पंधरा लाख भागांत त्याचा एक भाग असतो. आवर्तसारणीत या वायूंसाठी जागाच नव्हती. त्यांच्यासाठी एक नवा स्तंभ उघडावा लागला, तो 'शून्य' वर्ग. शून्य अशासाठी, की त्यांची संयुजा शून्य मानली गेली.

साहेबाचे ओटे

हेलियमचे नाव निघाले की आपल्याकडे विजयदुर्गची आठवण होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्याचा वर्णपट घेऊन हेलियम शोधला आणि त्यासाठी बांधलेले ओटे 'साहेबाचे ओटे' म्हणून आजही दाखवले जातात, असे अनेक लेखांत वाचायला मिळते. सहलीला नेलेल्या मुलांना आम्हीही हेच सांगत होतो.

नोंदी पाहिल्या तर चित्र वेगळे दिसते. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे होते. लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि ऑक्टोबर १८६८ मध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती आणि तिच्यावरूनच हेलियमची कल्पना पुढे आली. लॉकियर विजयदुर्गला आले हे खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून जवळजवळ तीन वर्षे झाली होती.

विजयदुर्गचे महत्त्व याने कमी होत नाही. पण चांगली वाटणारी, सर्वांनी सांगितलेली, पुस्तकांतून पुस्तकांत उतरलेली गोष्ट मूळ नोंद न पाहता किती वर्षे टिकू शकते, हे त्यातून दिसते. निष्क्रिय वायूंच्या धड्यातही नेमके असेच घडले.

नियम कसा पक्का झाला

आर्गॉन खरोखरच निष्क्रिय आहे का, हे रॅम्झी यांनी सहजासहजी मान्य केले नव्हते. क्लोरीन, फॉस्फरस, सोडियम अशा अनेक पदार्थांबरोबर प्रयोग करून झाले. १८९५ मध्ये त्यांनी शंभर घन सेंटिमीटर आर्गॉन पॅरिसला आंरी म्वासाँ यांच्याकडे पाठवला. म्वासाँ यांनी १८८६ मध्ये फ्लुओरिन हे सर्वांत आक्रमक मूलद्रव्य प्रथम वेगळे केले होते. फ्लुओरिन आणि आर्गॉन यांच्या मिश्रणात त्यांनी विजेच्या ठिणग्या पाडल्या. काहीही झाले नाही.

हा पुरावा भक्कम होता, पण तो आर्गॉनपुरता होता. झेनॉन तेव्हा सापडलाही नव्हता. सापडल्यानंतरही तो इतका दुर्मिळ आणि महाग राहिला, की त्याच्यावर प्रयोग करण्याचा विचार फारसा कोणी केला नाही. एका भावाची परीक्षा झाली आणि निकाल सगळ्या कुटुंबाला लावला गेला.

१९१६ मध्ये जर्मनीत वाल्थर कोसेल आणि अमेरिकेत गिल्बर्ट ल्यूइस यांनी रासायनिक बंधाचा विचार इलेक्ट्रॉनच्या भाषेत मांडला. बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन असले की अणू स्थिर असतो, हे अष्टकाचे सूत्र त्यातून आले. ते शिकवायला इतके सोपे होते, की निष्क्रिय वायू का निष्क्रिय आहेत याचे उत्तर एका वाक्यात देता येऊ लागले : त्यांचे अष्टक पूर्ण आहे म्हणून. मग इतर मूलद्रव्ये संयोग का पावतात? निष्क्रिय वायूंसारखे अष्टक मिळावे म्हणून. दोन्ही वाक्ये एकमेकांना आधार देत उभी राहिली आणि विद्यार्थ्याला प्रश्न विचारायला जागा उरली नाही.

गंमत अशी की खुद्द कोसेल यांनी जड निष्क्रिय वायूंची फ्लुओरिनबरोबर संयुगे होऊ शकतील, अशी शक्यता मांडली होती. १९३३ मध्ये लायनस पॉलिंग यांनी झेनॉन आणि क्रिप्टॉनच्या हेक्झाफ्लुओराइडांचे भाकीत केले. त्यांच्याच संस्थेत, कॅलिफोर्नियातील कॅलटेकमध्ये, डॉन योस्ट आणि आल्बर्ट के यांनी त्या वर्षी झेनॉन आणि फ्लुओरिन यांच्या मिश्रणातून विजेचा विसर्ग सोडून पाहिला. हाती निश्चित असे काही लागले नाही. पण आम्हाला यश आले नाही म्हणून असे संयुग असूच शकत नाही असे सिद्ध होत नाही, हे त्यांनी आपल्या टिपणात प्रामाणिकपणे नमूद केले.

पुस्तकांत यातले काय उतरले? अपयश उतरले, ती सावध टीप उतरली नाही. कोसेल यांचा नियम उतरला. त्यांचा अपवाद उतरला नाही. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे या दिशेने नाव घेण्याजोगा प्रयत्न झाला नाही. कोणी बंदी घातली नव्हती. जे प्रयोग करू शकले असते ते सर्वजण हाच धडा शिकून मोठे झाले होते. आम्हा शिक्षकांना अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. धड्यातून ज्ञान पुढच्या पिढीकडे जाते, तसे कुतूहल संपवण्याचे कामही धडा करू शकतो.

१९६० च्या दशकात असे दिसून आले, की कोरड्या काचेच्या फुग्यात झेनॉन आणि फ्लुओरिन भरून तो नुसता सूर्यप्रकाशात ठेवला तरी झेनॉन डायफ्लुओराइडचे स्फटिक जमतात. म्हणजे १९३३ मध्ये अडचण निसर्गाची नव्हती. कॅलिफोर्नियात उन्हालाही तोटा नव्हता.

व्हँकुव्हरमधला शुक्रवार

नील बार्टलेट हे १९३२ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. १९५८ पासून ते कॅनडात व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. प्लॅटिनम आणि फ्लुओरिन यांच्या संयुगांवर त्यांचे काम चालू होते. त्यांच्या उपकरणात एक नारिंगी-लाल स्थायू वारंवार तयार होत असे. विद्यार्थी डेरेक लोमन यांच्यासह त्यांनी त्याचा छडा लावला, तेव्हा आश्चर्यकारक गोष्ट निघाली. त्या पदार्थात ऑक्सिजनचा रेणू धन आयनाच्या रूपात होता. म्हणजे प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडने ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉन काढून घेतला होता. इतरांचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या ऑक्सिजनचेच येथे ऑक्सिडीकरण झाले होते.

याच सुमारास, १९६२ च्या सुरुवातीला, एका व्याख्यानाची तयारी करताना बार्टलेट यांच्यासमोर पाठ्यपुस्तकातला एक आलेख आला. आडव्या अक्षावर अणुअंक, उभ्या अक्षावर पहिली आयनीभवन ऊर्जा. अणूपासून एक इलेक्ट्रॉन दूर करण्यासाठी लागणारी ऊर्जा ती ही. हा आलेख आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रत्येक आवर्ताच्या शेवटी निष्क्रिय वायूचे उंच शिखर आणि लगेच पुढे अल्कली धातूची दरी. आपण तो फळ्यावर काढतो, शिखरांकडे बोट दाखवतो आणि 'म्हणून हे वायू निष्क्रिय' असे म्हणून पुढे जातो.

बार्टलेट यांनी शिखरे एकमेकांशी ताडून पाहिली. ती सारख्या उंचीची नव्हती. हेलियमपासून पुढे ती उतरत गेली होती. झेनॉनचे शिखर सुमारे १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर होते. ऑक्सिजनच्या रेणूसाठी लागणारी ऊर्जाही जवळजवळ तेवढीच आहे. मग प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड जर ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकते, तर झेनॉनकडून का घेऊ शकणार नाही?

या तर्कात दहावी-बारावीच्या पलीकडचे काहीही नाही. दोन संख्या सारख्या आहेत, एवढेच. त्या दोन्ही संख्या छापील स्वरूपात वर्षानुवर्षे उपलब्ध होत्या.

२३ मार्च १९६२, शुक्रवार. उपकरण जोडून, वायू शुद्ध करून प्रयोगाला सज्ज होईपर्यंत संध्याकाळचे सात वाजत आले होते आणि प्रयोगशाळेत बार्टलेट एकटेच होते. एका बाजूला प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडची गडद लाल वाफ, दुसऱ्या बाजूला रंगहीन झेनॉन, मध्ये काचेचा पडदा. त्यांनी पडदा फोडला. दोन्ही वायू भेटताच तत्क्षणी पिवळसर नारिंगी स्थायू जमू लागला. ही बातमी सांगण्यासाठी ते कोणाला तरी शोधू लागले, पण सगळे जेवायला गेले होते. सुमारे साठ-सत्तर वर्षे शिकवला गेलेला नियम रिकाम्या इमारतीत मोडला.

त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या वृत्तपत्रिकेत त्यांचे छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले.

धडा बदलू लागला

ते टिपण वाचून शिकागोजवळील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ कामाला लागले. (या नावाचा आर्गॉन वायूशी संबंध नाही.) क्लासेन, सेलिग आणि माम यांनी निकेलच्या भांड्यात झेनॉन आणि जादा फ्लुओरिन घेऊन ते ४०० अंश सेल्सियसला तासभर तापवले. भांडे थंड केल्यावर झेनॉन टेट्राफ्लुओराइडचे रंगहीन स्फटिक मिळाले. प्लॅटिनमचीही गरज नव्हती. जर्मनीत रुडॉल्फ होप्पे यांनी १९६२ मध्येच डायफ्लुओराइड तयार केले. त्यासाठी वापरलेली रीत विजेच्या विसर्गाचीच होती. काही महिन्यांत हेक्झाफ्लुओराइडही आले. यात धोकेही होते. जानेवारी १९६३ मध्ये झालेल्या एका स्फोटात बार्टलेट यांच्या डोळ्यात काच गेली. झेनॉन ट्रायऑक्साइड तर कोरडे झाले की भयंकर स्फोटक ठरते.

या नव्या रेणूंचा एक शैक्षणिक फायदा झाला. १९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गिलेस्पी आणि नायहोम यांनी रेणूंचे आकार इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या परस्पर अपकर्षणावरून सांगण्याची रीत मांडली होती. तिची खरी कसोटी कोणती? ती मांडताना ज्यांचे अस्तित्वच माहीत नव्हते असे रेणू. झेनॉन टेट्राफ्लुओराइडमध्ये मध्यवर्ती अणूभोवती सहा जोड्या : चार बंधाच्या, दोन एकाकी. रीत म्हणते, आकार सपाट चौरस असला पाहिजे. प्रयोगाने तो तसाच निघाला. हेक्झाफ्लुओराइडमध्ये सात जोड्या, म्हणजे नियमित अष्टफलक मिळू नये. वायुरूपात तो तसा मिळत नाही, हे १९६० च्या दशकात दिसून आले. वर्गात हे आकार पाठ करून घेतले तर ती यादी होते. पहिल्यांदा भाकीत आणि मग निकाल, या क्रमाने सांगितले तर तोच भाग विज्ञान होतो.

संशोधन आणि अध्यापन किती जवळ येऊ शकतात, याचे उदाहरण कॅलिफोर्नियात दिसले. अमेरिकेत तेव्हा 'केम स्टडी' नावाचा नवा शालेय अभ्यासक्रम तयार होत होता. त्याच्या पाठ्यपुस्तकाचे संपादक जॉर्ज पिमेंटेल हे स्वतः अतिशीत तापमानावरील रसायनशास्त्राचे संशोधक. १९६३ मध्ये हे पुस्तक बाहेर पडले आणि त्याच वर्षी पिमेंटेल आणि टर्नर यांनी क्रिप्टॉन डायफ्लुओराइड तयार केल्याचे जाहीर केले. या कामावर त्यांनी शाळांसाठी एक चित्रपट केला. त्याच्या शीर्षकात 'निष्क्रिय' या शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलेले आहे. त्या प्रश्नचिन्हात सगळी अध्यापनपद्धती आली, असे आम्ही म्हणू. विद्यार्थ्यांपुढे तयार निष्कर्ष न ठेवता, प्रयोग करणारी माणसे कशी विचार करतात, कोठे अडतात, हे ठेवले गेले.

महाविद्यालयीन पातळीवर हेच काम कॉटन आणि विल्किन्सन यांच्या ग्रंथाने केले. पहिली आवृत्ती १९६२ ची, बार्टलेट यांच्या प्रयोगाच्याच वर्षाची. दोन्ही लेखक त्या काळी प्रयोगशाळेत स्वतः काम करणारे होते. पुढे १९६६, १९७२, १९८०, १९८८ आणि १९९९ मध्ये नव्या आवृत्त्या निघाल्या. आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत यांपैकी दोन आवृत्त्या सापडल्या तर निष्क्रिय वायूंचे प्रकरण शेजारी शेजारी ठेवून वाचायला द्यावे. पुस्तक बदलते, हे विद्यार्थ्याने एकदा तरी डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

नावेही बदलली. 'निष्क्रिय'ऐवजी 'राजवायू' हा शब्द रुळू लागला. सोन्याप्लॅटिनमसारख्या राजधातूंप्रमाणे हे वायू सहसा कोणात मिसळत नाहीत, पण मिसळूच शकत नाहीत असे नाही. 'शून्य' वर्ग जाऊन अठरावा वर्ग आला. आपल्या बोलण्यात मात्र जुना शब्द अजून टिकून आहे.

आपल्या वर्गात

आता आपल्याकडे वळू. गेली अनेक वर्षे पुस्तकांत बार्टलेट यांचा प्रयोग एका परिच्छेदात दिलेला असतो. पण त्याच्या आधी 'अष्टक पूर्ण असल्याने हे वायू अभिक्रिया करत नाहीत' हे वाक्य शिकवून झालेले असते, त्यामुळे झेनॉनची संयुगे विद्यार्थ्याला एक त्रासदायक अपवाद म्हणून पाठ करावी लागतात. आमच्या विद्यार्थिदशेत आमच्या एका सोबत्याने शिक्षकांना विचारले होते, 'अष्टक पूर्ण असूनही झेनॉन संयोग का पावतो?' उत्तर मिळाले, 'तो अपवाद आहे, तसाच लिही.' पुढे शिक्षक झाल्यावर हेच उत्तर आम्हीही एकदा दिले. ते आठवले की अजूनही संकोच वाटतो. मुलाचा प्रश्न बार्टलेट यांच्या प्रश्नाच्याच वाटेवरचा होता आणि आम्ही ती वाट बंद केली.

यावर एका तासिकेचा उपाय आहे. नियम सांगण्याआधी फळ्यावर पुढील आकडे लिहावेत. पहिली आयनीभवन ऊर्जा, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये : हेलियम २४.६, निऑन २१.६, आर्गॉन १५.८, क्रिप्टॉन १४.०, झेनॉन १२.१, रेडॉन १०.७. त्याखाली : फ्लुओरिन १७.४, नायट्रोजन १४.५, हायड्रोजन १३.६, ऑक्सिजन १३.६, क्लोरीन १३.०, ऑक्सिजनचा रेणू १२.१. विद्यार्थ्यांना आलेख काढू द्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : वायूंची शिखरे का उतरत जातात? अणू मोठा होत जातो, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातात, हे मुले सांगतात.

दुसरा : झेनॉनपासून इलेक्ट्रॉन काढणे सोपे की हायड्रोजनपासून? येथे वर्गात थोडी शांतता पसरते. ज्याला आपण सर्वांत निष्क्रिय म्हणतो, त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढणे हायड्रोजन, ऑक्सिजन किंवा क्लोरीनच्या अणूपेक्षा सोपे आहे, हे आकडे स्वतः सांगत असतात.

तिसरा : संयुग होईल असे वाटत असेल तर सहापैकी कोणत्या वायूपासून सुरुवात कराल आणि त्याच्यासमोर कोणते मूलद्रव्य ठेवाल? बहुतेक गट झेनॉन किंवा रेडॉन आणि फ्लुओरिन या जोडीवर येतात. कोणी रेडॉन म्हटले, तर तो किरणोत्सारी आणि अल्पायुषी आहे, एवढे सांगावे.

मग २३ मार्च १९६२ ची गोष्ट सांगावी आणि त्यानंतरच अष्टकाचा नियम द्यावा : उपयुक्त, पण मर्यादा असलेला नियम म्हणून. फ्लुओरिनचे कोणतेही प्रयोग शाळा-महाविद्यालयात करायचे नाहीत, हे वेगळे सांगायला नको. येथे प्रयोगशाळा लागत नाही. फळा आणि खडू पुरतो.

यावर आमचे सहकारी एक आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. अभ्यासक्रम मोठा, तासिका मोजक्या, परीक्षेत विचारतात ते वेगळेच. प्रत्येक धड्याला असा इतिहास जोडणे शक्य नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण वर्षातून दोन-तीन धडे जरी असे शिकवले, तरी उरलेल्या धड्यांकडे पाहण्याची विद्यार्थ्याची नजर बदलते. 'हे कशावरून?' हा प्रश्न एकदा सुचला की तो पुढच्या धड्यांतही सुचतो.

धडा अजून संपलेला नाही

शेवटी एक सावधगिरी. बार्टलेट यांची गोष्टही आपण पुन्हा पाठांतराची ओळ करू शकतो. 'झेनॉन हेक्झाफ्लुओरोप्लॅटिनेट, १९६२, बार्टलेट' असे लिहून मोकळे होऊ शकतो. म्हणून पुढचेही थोडे सांगावे. त्या पिवळसर नारिंगी पदार्थाला पहिल्या टिपणात जे साधे सूत्र दिले होते, ते तसेच बरोबर नव्हते. त्यात एकाहून अधिक क्षार मिसळलेले असतात आणि झेनॉन एकटा नसून फ्लुओरिनशी बांधलेल्या धन आयनाच्या रूपात असतो, असे पुढच्या अभ्यासातून दिसले. १९६३ मध्ये क्रिप्टॉन टेट्राफ्लुओराइड मिळाल्याचे जाहीर झाले होते. ते प्रत्यक्षात डायफ्लुओराइड निघाले. नियम मोडणाऱ्यांच्याही चुका दुरुस्त होतात.

२००० मध्ये हेलसिंकी येथील शास्त्रज्ञांनी आर्गॉन, हायड्रोजन आणि फ्लुओरिन यांचा एक रेणू निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम साडेसात अंशांवर पकडला. म्वासाँ यांना न जमलेली गोष्ट १०५ वर्षांनी झाली, पण इतक्या थंडीत, की तापमान आणखी वीसेक अंशांनी वाढले तरी तो रेणू टिकत नाही. २०१७ मध्ये सोडियम आणि हेलियम यांचे एक स्फटिकरूप संयुग वातावरणाच्या अकरा लाख पटींहून अधिक दाबाखाली मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. त्यात नेहमीच्या अर्थाने बंध आहे का, हा प्रश्नच वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. 'निष्क्रिय' या शब्दाला आता तापमान आणि दाब यांची जोड दिल्याशिवाय पूर्ण अर्थ येत नाही.

नव्या संशोधनाची नियतकालिके आपल्यापर्यंत उशिरा पोचतात, उपकरणे तर पोचतच नाहीत, ही आपली अडचण खरी आहे. पण बार्टलेट यांना प्रयोगासाठी उपकरण लागले तरी प्रश्न पडण्यासाठी लागला तो पाठ्यपुस्तकातला एक आलेख, आणि तो आपल्या कपाटातल्या पुस्तकातही आहे. पुढच्या वेळी तो फळ्यावर काढल्यावर शिखरांकडे बोट दाखवून पुढे जाण्याची घाई आपण करू नये. थोडे थांबावे आणि मुलांना त्यांची उंची मोजू द्यावी.